तोंड बघून भाव

ऑक्टोबर २००९ मध्ये 'टूडी बॉय' या दोन माणसांच्या अमेरिकी स्टुडिओने आपला 'वर्ल्ड ऑफ गू' हा गेम घेणारा म्हणेल त्या किमतीला विकायला काढला. कमीत कमी एक सेंट, वर कितीही. गेम बाजारात येऊन वर्ष झालं होतं, पीसीवर त्याची किंमत २० डॉलर होती, आणि वाढदिवसाचं निमित्त करून काइल गॅबलर आणि रॉन कार्मेल यांनी हा उद्योग आरंभला. पहिल्या आठवड्यात सुमारे ५७ हजार लोकांनी गेम घेतला. सरासरी पडली दोन डॉलरच्या जराशी वर. हजारो जणांनी एकच सेंट टेकवला. पैसे वळते करणाऱ्या पेपॅलचं कमिशनच त्याहून जास्त होतं, त्यामुळे अशा विक्रीतून या दोघांच्या हाती काहीच लागलं नाही. घेणाऱ्यांना एक प्रश्नही विचारला होता: एवढेच का दिलेत? कुणी सांगितलं, सध्या एवढेच परवडतात. कुणाला ही पद्धतच आवडली होती म्हणून तो देत होता. कुणाकडे गेम आधीपासून दुसऱ्या यंत्रावर होता. पुढे दोघांनी सगळे आकडे, एका सेंटवाल्यांसकट, जाहीर करून टाकले. त्याच आठवड्यात स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातली या गेमची विक्री आधीच्या आठवड्याच्या मानाने ४० टक्क्यांनी वाढली, हेही त्यात होतं.

पैसे किती सुटले यापेक्षा हा प्रयोग केला कसा, यात मला जास्त रस आहे. प्रयोग चालू आहे हे घेणाऱ्याला माहीत होतं. किंमत त्याने स्वतः ठरवली. कारण विचारलं ते तोंडावर विचारलं. आणि जे कळलं ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. आज गेमच्या धंद्यात किमतीचे प्रयोग रोज होतात, त्या वेळेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होतात. पण या चारांपैकी एकही गोष्ट त्यात सहसा आढळत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. स्वतंत्र डेव्हलपरने, म्हणजे मोठ्या कंपनीच्या आधाराविना गेम बनवणाऱ्याने, किमतीचे प्रयोग जरूर करावेत. खेळाडू कुठे अडतो, कुठे कंटाळून उठतो, हेही मोजावं. पण काय मोजतो ते सांगून मोजावं, आणि त्या मोजणीवरून माणसागणिक वेगळा भाव लावू नये. हे नीतीचं बोलणं आहे, हे मान्य. पण लहान स्टुडिओच्या बाबतीत ते हिशोबाचंही बोलणं आहे, आणि त्या हिशोबाकडे कुणी नीट बघत नाही म्हणून हा लेख.

तोंड बघून भाव सांगणारा दुकानदार आपल्याला नवा नाही. गाडीतून उतरलेल्या बाईला एक दर, पिशवी घेऊन चालत आलेल्या म्हाताऱ्याला दुसरा. पण त्या दुकानात आपणही त्याचं तोंड बघत असतो. शेजारच्याला काय भाव लावला हे कानावर पडतं, घासाघीस करता येते, आणि नाहीच जमलं तर 'राहू दे' म्हणून दोन पावलं मागे सरकलं की आकडा खाली येतो. फोनमधल्या दुकानात बघण्याचं काम एकाच बाजूने चालतं.

मध्यंतरी माझी भाची आणि मी एकाच सोफ्यावर एकच फुकटातला मोबाइल गेम खेळत होतो. एका पातळीवर दोघंही लागोपाठ हरलो. दोघांच्या पडद्यावर तीच पेटी उघडली: तेवढीच नाणी, तेवढेच हिरे, वर उलटं चालणारं घड्याळ. तिच्याकडे ८९ रुपये, माझ्याकडे २४९. "मामा, तुझ्याकडे जास्त का मागतायत?" तिने विचारलं. उत्तराचा अंदाज मला होता. मी याआधी तिथे काहीतरी विकत घेतलं होतं, तिने कधीच नाही. माझा फोनही महागातला. म्हणजे हा मामा देईल, असं कुठल्याशा तक्त्यात लिहिलेलं असणार. खात्री मात्र करता येत नाही, कारण तो तक्ता मला कुणी दाखवणार नाही. भाचीने तिच्या फोनवरून माझ्यासाठी घेता येतं का ते बघितलं. येत नव्हतं. तेवढी काळजी त्यांनी घेतली होती.

ॲमेझॉनचा किस्सा यावर आठवतो. सप्टेंबर २००० मध्ये तिथे एकच डीव्हीडी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या किमतीला दिसू लागली. काही ग्राहकांनी ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे साइटने ग्राहक ओळखायला ठेवलेल्या नोंदी, पुसून पाहिल्या, तर किंमत बदलली. बोंबाबोंब झाली. आम्ही केवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटेल तशी किंमत बदलून पाहत होतो, कोण ग्राहक आहे ते बघून नव्हे, असा कंपनीचा खुलासा आला. जेफ बेझोस यांनी चूक मान्य केली आणि ६,८९६ ग्राहकांना सरासरी ३ डॉलर १० सेंट परत दिले. पंचवीस वर्षांपूर्वी हे कुकी पुसून पकडता आलं. आज माझ्या भाचीला सोफ्यावर मामा शेजारी बसलेला असायला लागतो.

भारतातही जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर यांना नोटिसा काढल्या, कारण एकाच प्रवासाला आयफोनवर एक भाडं आणि अँड्रॉइडवर दुसरं दिसतं, अशा तक्रारी होत्या. दोन्ही कंपन्यांनी ते नाकारलं. टॅक्सीच्या भाड्यावर निदान केंद्रीय मंत्र्यांना बोलावं लागलं. गेममधल्या हिऱ्यांच्या भावावर कोण बोलणार? ते तर पोरासोरांचे खेळ.

आता समोरची बाजू. ती कमजोर नाही.

लहान स्टुडिओतला माणूस म्हणतो: मोठ्या कंपन्यांकडे संख्याशास्त्र शिकलेल्या माणसांच्या फौजा आहेत. 'फार्मव्हिल'वाल्या झिंगाच्या एका बड्या अधिकाऱ्याने तर आम्ही मुळात विश्लेषणाची कंपनी आहोत, गेमचा नुसता मुखवटा घातलाय, अशा अर्थाचं जाहीरपणे सांगितलं होतं. व्हॉल्व्हच्या हातात अख्खं स्टीम आहे. तिचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये सांगितलं होतं की आपल्या एका उत्पादनाची किंमत त्यांनी गाजावाजा न करता वरखाली करून पाहिली, तर एकूण गल्ला जवळपास तेवढाच राहिला. किंमत उतरली की विक्री तेवढ्याच प्रमाणात वाढायची. मग ७५ टक्के सूट वाजतगाजत दिली, तर गल्ला चाळीसपट झाला. एवढी माहिती ज्याच्याजवळ आहे त्याच्याशी आम्ही डोळ्याला पट्टी बांधून लढायचं का? शिवाय स्टीम पहिल्या फटक्यात ३० टक्के कापून घेतं, आणि २०१८ पासून तो कापही एक कोटी डॉलरच्या वर कमावणाऱ्यांना कमी लागतो. म्हणजे थोरल्याला सवलत, धाकट्याला पूर्ण पट्टी. अशात मोजमापाची दोन साधनं फुकट मिळत असतील तर ती आम्ही का सोडावीत?

बरोबर आहे. फक्त ही साधनं फुकट मिळतात म्हणजे नेमकं काय होतं, ते बघायला हवं.

फुकटातला मोबाइल गेम बनवणारा डेव्हलपर साधारण तीन तयार तुकडे आपल्या गेममध्ये जोडतो. एक जाहिराती दाखवायला, एक खेळाडूंच्या हालचाली मोजायला, आणि एक कुठल्या जाहिरातीवरून खेळाडू आला ते शोधायला. जोडायला अर्धा दिवस पुरतो. यातला प्रत्येक तुकडा आपल्या मूळ कंपनीशी परस्पर बोलत असतो: फोनचं मॉडेल, भाषा, वेळ, इंटरनेटचा पत्ता, जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांक. डेव्हलपरला दिसतो तो फक्त तक्ता. पहिल्या दिवशी किती परतले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती. बाहेर नेमकं काय गेलं हे त्यालाही धड माहीत नसतं.

ही हवेतली भीती नाही. बंगळुरूत मुख्यालय असलेल्या इनमोबी या जाहिरात कंपनीला जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने साडेनऊ लाख डॉलर भरायला लावले. आरोप असा होता की ठिकाण सांगायला नकार दिलेल्या लोकांचं ठिकाणही आसपासच्या वाय-फायवरून हुडकलं जात होतं. लहान मुलांच्या ॲपमध्येसुद्धा. ज्या डेव्हलपरांनी तो तुकडा आपल्या ॲपमध्ये घातला होता, त्यांना तरी याचा पत्ता कुठून असणार?

पीसीवरही तेच. २०१८ च्या जूनमध्ये स्टीमवरच्या बऱ्याच गेममध्ये 'रेड शेल' नावाचा तुकडा खेळाडूंना सापडला. जाहिरातीवर क्लिक करणारा माणूस आणि नंतर गेम सुरू करणारा माणूस एकच आहे का, हे तो यंत्राच्या खाणाखुणांवरून जुळवायचा. 'सिव्हिलायझेशन सिक्स', 'टोटल वॉर', 'कोनन एक्झाइल्स' अशी बडी नावं त्यात होती, तशी छोट्या स्टुडिओंचीही होती. युरोपचा नवा गोपनीयता कायदा लागू होऊन जेमतेम महिना झाला होता. बनवणारी कंपनी म्हणत होती की आम्ही कुणाची वैयक्तिक माहिती घेत नाही. असेलही तसं. पण विकत घेतलेल्या गेममध्ये हे बसवलंय, हे खेळाडूंनी फायली उपसून शोधावं लागलं, आणि शोधल्यावर एकामागून एक स्टुडिओंनी तो तुकडा काढून टाकला. मोठ्या प्रकाशकाची अब्रू अशा धक्क्यातून पुढच्या गेमपर्यंत सावरते. चार माणसांच्या स्टुडिओची पुंजीच मुळी ही असते की खेळाडू त्यांना आपल्यातलं मानतात. ती एकदा गेली की जाहिरातीवर खर्च करून परत आणायला पैसा कुठे असतो?

आता हिशोबाकडे येतो, कारण हा भाग सहसा कुणी बोलत नाही. समजा एका स्टुडिओच्या गेमची किंमत ५०० रुपये आहे आणि गेमच्या पानावर येणाऱ्या १०० पैकी २ जण तो घेतात. किंमत ४०० केली तर २.५ जण घेतील का, हे जाणून घ्यायचंय. (घेतले तरी गल्ला तोच: शंभर माणसांमागे हजार रुपये. न्यूएल जे म्हणत होते ते हेच.) आलेल्यांचे दोन गट करून अर्ध्यांना एक किंमत, अर्ध्यांना दुसरी दाखवायची, असा प्रयोग मांडला, आणि निकाल योगायोगाने आलेला नाही याची संख्याशास्त्रात नेहमी मागतात तेवढी खात्री मागितली, तर प्रत्येक गटात १४ हजारांच्या आसपास माणसं लागतात. दोन्ही मिळून २८ हजार. आणि हे एका प्रश्नाचं उत्तर. ४५० चं काय, सणाच्या दिवसांत काय, मराठीत वर्णन लिहिलं तर काय, अशा प्रत्येक प्रश्नाला पुन्हा नवी माणसं. बहुतेक लहान गेमच्या पानावर एवढी वर्दळ महिनोन्‌महिने होत नाही. दोनशे-तीनशे माणसांवर केलेल्या प्रयोगातून येणारा आकडा हा कौल लावण्यापेक्षा फार वेगळा नसतो. तरी तो तक्त्यात हिरव्या बाणासकट येतो, त्यामुळे खरा वाटतो. तीन आठवड्यांनी बाण लाल होतो, आणि मग नसलेल्या कारणांचा शोध सुरू होतो.

स्टीमवर एका देशातल्या दोन माणसांना दोन किमती दाखवता येतच नाहीत, हे एका अर्थी बरंच आहे. गूगल प्लेच्या डेव्हलपरांसाठीच्या कन्सोलमध्ये मात्र गेममधल्या वस्तूंच्या किमतीचे प्रयोग करायची सोयच दिलेली आहे. सोय आहे म्हणून वापरायची, या न्यायाने कितीतरी स्टुडिओ ती वापरतात. ज्यांच्याकडे लाखो खेळाडू आहेत त्यांना त्यातून काही कळतही असेल. ज्यांच्याकडे काही हजार आहेत त्यांनी पाळत ठेवण्याचं पाप पदरात घेतलं, आणि पुण्य कशाचं मिळालं हे त्यांनाच सांगता येणार नाही.

आकडे मोजण्यात दुसरी गोम अशी की आकडा खरा असला तरी त्याचा अर्थ हाती लागेलच असं नाही. 'वर्ल्ड ऑफ गू'वाल्यांनीच २००८ मध्ये हिशोब मांडला होता. गेममधली गुणांची यादी सर्व्हरवर यायची. तिथे वेगवेगळे इंटरनेट पत्ते किती दिसतात आणि प्रती किती विकल्या गेल्या, हे ताडून त्यांनी अंदाज केला की खेळणाऱ्यांपैकी ८० ते ९० टक्क्यांकडे चोरीची प्रत आहे. ऐकणारा हबकतो. वाटतं, एवढं उत्पन्न बुडालं. पण त्याच वर्षी रिफ्लेक्सिव्ह या कंपनीच्या रसेल कॅरल यांनी आपल्या गेमच्या चोऱ्या रोखून काय झालं ते लिहिलं होतं: हजारेक चोरीचे डाउनलोड बंद पाडले की विक्री वाढायची एका प्रतीने. एकाने. टूडी बॉयने गेमला कुलूप न घालण्याचं ठरवलं होतं, ते तसंच ठेवलं. मोजलं, जाहीर केलं, आणि मोजून आलेल्या आकड्याने बिथरले नाहीत. मोजणारे खूप असतात, न बिथरणारे कमी.

इंग्लंडमधल्या पॉझिटेकचे क्लिफ हॅरिस यांनी त्याच सुमारास याहून साधी गोष्ट केली. गेम चोरणाऱ्यांनाच जाहीर प्रश्न विचारला: माझे गेम का चोरता? रागावून नव्हे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. उत्तरांचा पूर आला. किंमत जास्त आहे, डेमो तोकडा आहे, कुलपांचा वैताग येतो. त्यांनी काही गेमच्या किमती निम्म्यावर आणल्या, कुलूप काढलं, डेमो मोठे केले. याला ना सर्व्हर लागला ना तक्ता. लहान धंद्याला मोठ्यापेक्षा एकच गोष्ट जास्त सहज करता येते आणि ती म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलणं. तीच सोडून देऊन ज्यात आपण हमखास हरणार त्या पाळतीच्या शर्यतीत उतरायचं, याला काय म्हणावं?

मे २०१० मधल्या पहिल्या हंबल इंडी बंडलचे आकडेही असेच उघड्यावर, विक्री चालू असताना, पानावर दिसत होते. वुल्फायर गेम्सच्या पोरांनी पाच-सहा स्वतंत्र गेमचा गठ्ठा करून 'द्याल ते द्या' म्हणून विकला. त्यातला काही भाग धर्मादाय कामाला. सव्वा लाखाहून जास्त लोकांनी घेतला, साडेबारा लाख डॉलरच्या वर जमले, सरासरी नऊ डॉलरच्या आसपास. गंमत म्हणजे माणशी सगळ्यात जास्त पैसे लिनक्स ही फुकट मिळणारी संगणक-प्रणाली वापरणाऱ्यांनी दिले, ज्यांना फुकट्यांची जमात म्हणून सगळे हिणवत होते. एका सेंटला मिळणारी वस्तूसुद्धा लोकांनी चोरली, जवळपास चौथा हिस्सा डाउनलोड बिनपैशांचे होते, असा अंदाज वुल्फायरनेच दिला. मला हे वाचताना माणसांविषयी काहीतरी कळतं. तिसाव्या दिवशी परतणाऱ्यांच्या टक्केवारीतून ते कधी कळत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: 'द्याल ते द्या' म्हणजे तरी काय, माणसागणिक वेगळा भावच की! श्रीमंताने पन्नास दिले, विद्यार्थ्याने एक. आणि देशागणिक वेगळ्या किमती? भारतात स्टीमवर रुपयांत जी किंमत दिसते ती बऱ्याचदा डॉलरच्या थेट हिशोबापेक्षा कमी असते. ती चालते, मग २४९ आणि ८९ का चालत नाही?

भाव वेगळे असण्याला माझी हरकत नाहीच. 'द्याल ते द्या'मध्ये आपली ऐपत आपण स्वतः सांगतो. देशागणिक किमतीत नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि त्या देशातल्या प्रत्येकाला तोच लागू होतो. पुण्यातल्या मुलीला आणि नागपुरातल्या तिच्या मामाला एकच आकडा. नियम उघड असला की त्यावर भांडताही येतं. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात बाहेरचे लोक खोटा पत्ता दाखवून स्वस्तात गेम घेऊ लागले, तिथलं चलनही गडगडत होतं. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने तिथल्या किमती डॉलरमध्ये आणल्या आणि तिथल्या प्रामाणिक खेळाडूंना मोठा फटका बसला. त्यावर जगभर ओरड झाली, डेव्हलपरांनी आपापल्या किमती पुन्हा तपासल्या. सोफ्यावरच्या २४९ रुपयांवर ओरड कोण करणार? ज्याला ते दिसतात त्याला दुसरा आकडा असल्याचंच माहीत नसतं.

शिवाय फुकटातल्या गेमचा सगळा डोलारा उभा असतो मूठभरांवर. स्वर्व्ह या कंपनीच्या २०१४ मधल्या अहवालात असं आलं होतं की गेममधल्या खरेदीचा निम्मा पैसा ०.१५ टक्के खेळाडूंकडून येतो. हजारात दीड माणूस. धंद्यात त्यांना 'व्हेल' म्हणतात. इतकं मोजमाप कशासाठी चाललंय, ते यावरून उमजावं: हजारातला तो दीड माणूस कोण, आणि तो कुठल्या क्षणी सैल होतो. त्यात कोण खरंच हौसेने खर्च करतो आणि कोणाला सवयीने पछाडलंय, हे तक्त्यात वेगळं दिसत नाही. ॲक्टिव्हिजन या बड्या गेम कंपनीला २०१७ मध्ये एका अशा पद्धतीचं पेटंट मिळालं, जिच्यात खरेदीला उद्युक्त होईल अशा बेताने खेळाडूसमोर प्रतिस्पर्धी आणून बसवायचा. आम्ही ती वापरलेली नाही, असं कंपनीने सांगितलं. वापरली नसेल. पण कुणाच्या तरी टेबलावर ही कल्पना सुचली, वकिलाकडे गेली, आणि कागदावर उतरली.

स्थिर भाव ठेवूनही प्रयोग करता येतात, आणि ते स्वतंत्र डेव्हलपरांनीच करून दाखवलेत. 'माइनक्राफ्ट' अर्धवट असताना दहा युरोच्या आतबाहेर विकला जात होता आणि जसजसा पुरा होत गेला तसतशी किंमत चढत गेली. आधी विश्वास टाकणाऱ्याला स्वस्तात, हे सगळ्यांना सांगून. जेसन रोहरर यांनी २०१४ मध्ये मोठमोठ्या सवलतींवर सडकून टीका केली: पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणारा चाहता सहा महिन्यांनी मूर्ख ठरतो. आपल्या 'द कॅसल डॉक्ट्रिन'ची किंमत त्यांनी उलट वाढवत नेली. प्राग शहरातल्या वूब सॉफ्टवेअरने 'फॅक्टोरिओ'वर कधीच सूट द्यायची नाही असं धोरण ठेवलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये महागाईचं कारण देऊन किंमत ३० वरून ३५ डॉलर केली. आधी कळवून. काहींनी नाकं मुरडली, पण फसवलं असं कुणाला म्हणता आलं नाही. हे सगळे यशस्वी गेम आहेत आणि यश मिळाल्यावर तत्त्वं पाळणं सोपं जातं, हेही खरं. पण तत्त्व न पाळता बुडालेल्या स्टुडिओंची यादी काही त्याहून लहान नसावी.

मोजमापातही उघडेपणाने कितीतरी करता येतं. स्टीमवर कुठलीही ट्रॉफी किती टक्के खेळाडूंनी मिळवली हे कुणालाही दिसतं. पहिल्या प्रकरणाची ट्रॉफी ७० टक्क्यांना आणि दुसऱ्याची २० टक्क्यांना मिळालेली दिसली, तर डेव्हलपरला मधल्या पुलावर काहीतरी गडबड आहे एवढं कळायला पुरतं. स्टीम दर महिन्याला लोकांच्या संगणकांची पाहणी करतं, तीही परवानगी विचारून, आणि निकाल सगळ्यांसाठी छापतं. गेम कोसळला तर 'हा अहवाल पाठवू का?' असं विचारणारी खिडकी उघडली की बहुतेक लोक हो म्हणतात, कारण त्यांनाही गेम चालायला हवा असतो.

पुण्याचं उदाहरण घेऊ. नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' केला. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे राहिले नाहीत, तरी काम रेटत नेलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर, नंतर बाकी यंत्रांवर आला. एकदा पैसे द्या, खेळा, संपवा. भारतात असं करणं अवघड आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. गेम डाउनलोड करण्यात आपण जगात पहिल्या रांगेत, त्यावर पैसे खर्च करण्यात कितीतरी मागे. इथल्या खेळाडूकडे बऱ्याचदा फक्त फोन असतो, आणि फोनवरच्या गेमसाठी आधी पैसे द्यायचे ही सवय नाही. म्हणून नवा पोरगा फुकटातला गेम करतो, आणि फुकटातला गेम केला की ते तीन तुकडे आपसूक येतात. त्याला दोष देताना माझी जीभ जड होते. पण तो ज्यांच्यावर पाळत ठेवतो त्यांत शाळकरी मुलं किती, हा प्रश्न त्याला आता टाळता येणार नाही.

कारण कायदा दारात आलाय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. त्यातलं नववं कलम सांगतं की १८ वर्षांखालच्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांचा माग काढायचा नाही, वागण्यावर नजर ठेवायची नाही, त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. दंड दोनशे कोटींपर्यंत. सरकारला स्टार्टअपना काही कलमांतून सूट देता येईल अशी सोय कायद्यात आहे, पण त्या यादीत नववं कलम नाही. म्हणजे खोलीभर जागेत चालणाऱ्या स्टुडिओलाही ते लागू.

आणि इथेच एक पेच आहे. खेळाडू १८ च्या खालचा आहे की नाही हे ठरवायचं तर त्याचं वय विचारायला हवं, पालकाची ओळख पटवायला हवी. म्हणजे आधी घेत नव्हता ती माहितीही आता घ्यायची, साठवायची, आणि ती फुटली तर पुन्हा दंड. मोठी कंपनी यासाठी एक विभाग उघडेल. लहान स्टुडिओसमोर परवडणारा मार्ग मला एकच दिसतो: माहिती घ्यायचीच नाही. गुण फोनमध्येच ठेवायचे, जाहिरातींचे तुकडे काढायचे, शंभर-दोनशे रुपयांत पूर्ण गेम आणि पहिला भाग फुकट. यूपीआयमुळे एवढी रक्कम देणं आता कुणाला जड जात नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन, गेमिंग वगैरे क्षेत्रांसाठी तीन हजार कोटींहून मोठ्या आराखड्याचं धोरण मंजूर केलंय. त्यातून गेमसाठी जे अनुदान दिलं जाईल, त्याला दोन अटी जोडायला हरकत नसावी. गेम बाहेर काय काय पाठवतो याची यादी सुरू होतानाच्या पडद्यावर, मराठीत, एका पानात. आणि गेममधल्या प्रत्येक वस्तूची किंमत भारतातल्या सगळ्या खेळाडूंना सारखी, आणि ती न हरताही बघता येईल अशा जागी. अर्ज तपासणाऱ्या बाबूला दोन फोन शेजारी ठेवून एवढं पाहता येईल.